सम्यक आजीविका आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा संपतो, पंगती उठतात, मंडपवाला खुर्च्या रचू लागतो, आणि मग वसतिगृहाच्या पायऱ्यांवर दुसरी सभा भरते. व्यासपीठावरून आपले पद, घर, मुलांचे शिक्षण सांगून झालेले असते. पायऱ्यांवर वेगळेच बोलणे निघते. भोसरीच्या कारखान्यातला एक जण सांगतो, की पाळी बदलताना आधीचा माणूस यंत्र पुसूनही ठेवत नाही. रुग्णालयात परिचारिका असलेली एक ताई सांगते, की रात्रपाळीची यादी नेहमी तिच्याच नावापासून सुरू होते. हिंजवडीतला एक जण बराच वेळ गप्प बसून शेवटी म्हणतो, "सर, नव्या ठिकाणी गेलो की पहिल्या आठवड्यात पूर्ण नाव विचारतात. त्यानंतर डबा खायला कोण बोलावतंय, ते मी बघत बसतो."

ही पायऱ्यांवरची सभा आम्ही गेली काही वर्षे लक्षपूर्वक ऐकत आलो आहोत. पगार कमी असल्याची तक्रार तिथे असतेच. पण ती फार वेळ टिकत नाही. रात्री उशिरापर्यंत जे बोलले जाते ते माणसांविषयी. एका गुणी विद्यार्थ्याने चार वर्षांत तीन नोकऱ्या सोडल्या. कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, की काम चांगले होते, माणसे चांगली नव्हती. त्या उत्तराने आम्ही अस्वस्थ झालो. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीस कसे बसावे, हे सर्व आम्ही त्याला शिकवले होते. नोकरी लागल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून काय करावे, हे मात्र आम्ही कधी शिकवलेच नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या राहून गेलेल्या पाठाचा एक प्रयत्न आहे.

आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविकेचा अर्थ आपण वंदनेच्या वेळी अनेकदा ऐकतो. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे सांगितले जाते आणि विवेचन बहुधा तेथेच थांबते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी शस्त्रांचा वा विषाचा व्यापार करणारा कोणीही नाही. तरीही शेजाऱ्याच्या बढतीने ज्याचा दिवस काळवंडतो, वरिष्ठांच्या खोलीत जाऊन जो सहकाऱ्याचे उणे सांगतो, त्याची आजीविका सम्यक म्हणावी काय? माणूस जागेपणीच्या वेळेतला अर्धा वेळ कामाच्या ठिकाणी घालवतो. तेवढ्या काळात शील बाजूला ठेवून उरलेल्या वेळात ते पाळता येईल, असे आम्हास वाटत नाही.

सहकाऱ्यांमधील भांडण किती क्षुल्लक कारणावरून पेटते, याचे एक फार बोलके उदाहरण बौद्ध वाङ्मयात आहे. कोसंबी येथील एका विहारात दोन विद्वान भिक्खू राहात. एक विनयाचा जाणकार, दुसरा धम्माचा उपदेशक. अट्ठकथेतील वृत्तांत असा, की उपदेशक भिक्खूने शौचालयातील भांड्यात उरलेले पाणी तसेच ठेवले. विनयधराने ते पाहिले आणि हा दोष आहे असे सांगितले. उपदेशकाने ताबडतोब तो मान्य करून प्रायश्चित्ताची तयारी दाखवली. त्यावर विनयधर म्हणाला, की हेतू नव्हता, तेव्हा दोष नाही. प्रकरण इथेच संपले असते. पण विनयधराने आपल्या शिष्यांना जाऊन सांगितले, की त्या भिक्खूला दोष घडूनही कळत नाही. शिष्यांनी दुसऱ्याच्या शिष्यांना डिवचले. उपदेशकाला हे समजले तेव्हा तो संतापला, आणि बघता बघता सारा संघ दुभंगला.

या कथेत पाणी किती होते? ओंजळभर. खरे नुकसान केले ते तोंडावर एक आणि पाठीमागे दुसरे बोलण्याने. आपल्या कार्यालयांतील बहुतेक कलह याच वाटेने जातात, हे आपण प्रत्येकाने आपापल्या अनुभवाशी ताडून पाहावे. चूक दाखवणारा माणूस सहसा शत्रू होत नाही. ती चहाच्या टपरीवर सांगणारा होतो. आता तर टपरीही लागत नाही, मोबाईलवर एक व्यक्ती वगळून वेगळा गट काढला की काम भागते. पंचशीलातील चौथे शील खोटे बोलण्यापुरते आहे असे आपण समजतो. परंतु सम्यक वाचेच्या विवेचनात चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड यांपासून विरत राहणेही सांगितले आहे. कार्यालयात या तिघांपैकी चहाडी सर्वांत महाग पडते, असे आमचे निरीक्षण आहे.

भगवंतांनी समजावूनही कोसंबीचे भिक्खू ऐकेनात, तेव्हा ते त्यांना सोडून निघून गेले. पुढे कोसंबीच्या उपासकांनी भिक्षा देणे बंद केले आणि मगच भांडणाऱ्यांना शुद्ध आली, हा भाग सांगताना वर्गात मुले हसतात. परंतु आम्हास अधिक मोलाचे वाटते ते या प्रवासातले पुढचे ठिकाण. प्राचीनवंस नावाच्या उपवनात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे एकत्र राहात होते. भगवंतांनी विचारले, की तुम्ही एकोप्याने राहता का. आणि राहता तर कसे? मज्झिम निकायात तिघांचे जे उत्तर आहे त्यात मोठे तत्त्वज्ञान काहीच नाही. भिक्षेवरून जो आधी परततो तो आसने मांडतो, पिण्याचे आणि पाय धुण्याचे पाणी भरून ठेवतो. जो शेवटी येतो तो भांडी आवरतो आणि जागा झाडतो. पाण्याचा घडा रिकामा दिसला की ज्याला दिसेल तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो, आणि त्यासाठी मौनही मोडत नाही. दर पाच दिवसांनी तिघे रात्रभर बसून धम्मचर्चा करतात. आणि प्रत्येकजण मनाशी म्हणतो, की माझी इच्छा बाजूला ठेवून या सोबत्यांच्या इच्छेप्रमाणे वागून पाहावे.

या उताऱ्यात कामाची वाटणी कोणी करून दिलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. रिकामा घडा कोणाच्या पाळीत आला याचा हिशेब तिघांपैकी कोणीच ठेवत नाही. शिवाय त्यांच्यात अखंड गप्पा चालत नव्हत्या. मैत्री म्हणजे सतत सोबत बसणे असा आपला समज असतो, तो येथे टिकत नाही. भोसरीच्या आपल्या विद्यार्थ्याने यंत्र पुसून ठेवण्याविषयी जे सांगितले ते नेमके हेच. त्याला आम्ही एवढेच सुचवले, की महिनाभर तूच पुढच्या पाळीच्या माणसासाठी यंत्र पुसून ठेव, आणि आज कोणता भाग अडत होता ते एका चिठ्ठीवर लिहून ठेव. पुढच्या मेळाव्यात तो म्हणाला, की आधीच्या पाळीचा माणूस काही बदलला नाही. पण नंतरच्या पाळीचा माणूस आता त्याच्यासाठी चहा थांबवून ठेवतो. निम्मा तोडगा निघाला, असे म्हणू या.

दुसरा आधार सिगालोवाद सुत्ताचा. राजगृहात सकाळी ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नावाच्या तरुणाला भगवंतांनी दिशांचा नवा अर्थ सांगितला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सोबती, खालची दिशा म्हणजे सेवक व कामकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. नोकरी करणाऱ्याला यातील दोन दिशा रोज भेटतात. उत्तरेच्या बाबतीत पाच कर्तव्ये सांगितली आहेत: देणे, प्रिय बोलणे, हिताचे करणे, समानतेने वागणे आणि फसवणूक न करणे. खालच्या दिशेच्या बाबतीत मालकाने काय करावे? ज्याची जेवढी शक्ती तेवढेच काम सोपवावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड असेल तर वाटून द्यावे आणि योग्य वेळी सुटी द्यावी. त्याच्या बदल्यात कामकऱ्याने मालकाआधी उठावे, दिले तेवढेच घ्यावे, काम नीट करावे आणि मालकाचे चांगले नाव राखावे.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या यादीत आजारपणाची रजा आहे, हे वाचून पालकसभेत एका कामगार पालकांनी मोठ्याने विचारले होते, "मग आमच्या ठेकेदाराला हे सुत्त कोण वाचून दाखवणार?" प्रश्न योग्यच होता. या सुत्ताचे वैशिष्ट्य असे, की त्यात कर्तव्ये दोन्ही बाजूंनी सांगितली आहेत. एकाच बाजूने पाळायची असतील तर तो उपदेश मैत्रीचा राहात नाही, तो केवळ ताबेदारीचा होतो.

आणि येथेच आपल्या समाजाच्या दृष्टीने या विषयाचा खरा अवघड भाग सुरू होतो. सहकाऱ्यांशी गोड बोला, मिळून मिसळून राहा, असे सांगणारी पुस्तके पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ढिगाने मिळतात. आडनाव ऐकून डबा सरकवणाऱ्या माणसाशी गोड कसे बोलावे, हे त्यांत नसते.

बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले तेव्हा ते अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून आलेले होते. कार्यालयातील शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून टाकत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना कसे घालवून देण्यात आले, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे प्राध्यापकांच्या खोलीतील पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. कोसंबीत पाणी उरले म्हणून भांडण झाले होते. येथे तर सुशिक्षित माणसांनी पाण्यालाच पहारा बसवला. बाबासाहेबांचा स्वभाव अधिक मनमिळाऊ असता तर ते भांडे त्यांना मिळाले असते, असे कोणी म्हणेल काय? त्यांनी त्या काळात एक गोष्ट सोडली नाही: अध्यापनाची तयारी. त्यांची व्याख्याने ऐकण्यासाठी अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही येत.

कामगारांची स्थिती याहून वेगळी नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. परंतु धोट्यात दोरा ओढून घेताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि उष्टा दोरा नको म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत. एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर येणारे, एकाच मालकाविरुद्ध संप करणारे हे कामगार होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरही होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा त्यांचा प्रसिद्ध विचार याच परिषदेतला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ झाले. त्या ४८ तासांचा लाभ दोरा ओढू न देणाऱ्यांनाही झाला, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

म्हणून आम्ही मुलांना दोन प्रकारचे दुःख वेगळे ओळखायला सांगतो. एक स्वभावाचे, दुसरे अन्यायाचे. कोणी उत्तर तुटकपणे दिले, वाढदिवसाला बोलावले नाही, आपली सूचना बैठकीत ऐकली नाही, तर घाईने जातीचा निष्कर्ष काढू नये. तो माणूस सर्वांशीच तसा वागतो का, हे आधी पाहावे. बऱ्याचदा तो तसाच असतो. परंतु अपमान जातीवरून होत असेल, बाईमाणसाला त्रास दिला जात असेल, कामाचा मोबदला बुडवला जात असेल, तर तेथे मैत्रीभावनेचा अर्थ मुकाट्याने सोसणे असा नव्हे. तारीख, वेळ, कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. १० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि लेखी तक्रार सामान्यतः ३ महिन्यांच्या आत करायची असते. मुलींच्या पालकांनी हे माहीत करून घ्यावे. लढतानाही द्वेष मनात न ठेवणे शक्य आहे; मात्र ते सोपे आहे असे आम्ही म्हणणार नाही.

त्याचबरोबर जात पाहून मित्र ठरवण्याची सवय आपल्याही अंगी भिनू शकते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, आणि बाबासाहेबांच्या अत्यंत विश्वासातले सहकारी होते. बाबासाहेबांनी माणसे आडनावावरून पारखली असती तर तो ठराव वेगळ्या कोणाला मांडावा लागला असता.

आता समाधानाविषयी. संतुष्टी हा शब्द फार चुकीच्या रीतीने वापरला जातो. मिळेल त्यात गप्प राहा, असा त्याचा अर्थ गरिबाला ऐकवला जातो. आम्हास याचे उत्तर पुण्याच्या रस्त्यांवर मिळाले. कचराकुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या महिला, बहुसंख्य आपल्याच समाजातल्या, पूर्वी पहाटे एकमेकींच्या आधी कुंडी गाठण्यासाठी धावत. शेजारीण हीच स्पर्धक होती. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांच्या प्रयत्नाने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पंचायतीची ओळखपत्रे महानगरपालिकेने मान्य केली, सभासदांची पतसंस्था निघाली, आणि २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेचा महानगरपालिकेशी दारोदार कचरा संकलनाचा करार झाला. काम तेच, वासही तोच. पण कुंडीत उतरणारी बाई आता दाराशी येऊन हक्काने कचरा मागते, आणि आजारी पडली तर तिची गल्ली दुसरी सांभाळते. आमच्या एका विद्यार्थिनीची आई हे काम करते. ती सांगते, की पूर्वी पोलीस हटकत तेव्हा मान खाली जाई. आता ती गळ्यातले कार्ड दाखवते आणि पुढे चालू लागते. त्या माऊलीच्या बोलण्यात जे समाधान आहे ते 'आहे त्यात सुख मान' या जातीचे नाही. ते मिळवावे लागले, आणि एकटीने मिळाले नसते.

पुण्यातलेच आणखी एक जुने उदाहरण देतो. सावित्रीबाई १८५६ साली आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातील त्यांच्या जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या दुखण्याबरोबरच फातिमाची काळजी आहे: आपल्या गैरहजेरीत सारा भार तिच्यावर पडला असेल, याची जाणीव त्यात आहे आणि ती कुरकुर करणार नाही हा विश्वासही. आपण रजेवर असताना आपले काम कोणाच्या टेबलावर जाऊन पडते, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात? परत आल्यावर त्या व्यक्तीस दोन शब्द बोलणारे तर आणखी कमी. आम्ही सुचवतो, की रजेचा अर्ज देण्याआधी त्या सहकाऱ्याला सांगावे, अर्धवट कामाची टिपणे द्यावीत, आणि परतल्यावर त्याचे नाव वरिष्ठांसमोर घ्यावे. माणसाची निंदा त्याच्या पाठीमागे करण्याची आपल्याला सवय असते. स्तुती तशी करून पाहावी. ती त्याच्यापर्यंत पोहोचतेच.

हा सारा पाठ आम्ही इतरांना सांगत असताना आमच्याच घरात काय घडले, तेही सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्या संस्थेची मागील स्मरणिका निघाली तेव्हा तिच्यात विश्वस्तांची छायाचित्रे होती, शिक्षकांची होती, देणगीदारांची पानेच्या पाने होती. अंक वाटून झाल्यावर स्वयंपाकघरातल्या मावशींनी तो हातात घेतला, चाळला, आणि परत ठेवला. त्या काहीच बोलल्या नाहीत. पहाटे साडेचारला उठून शेकडो पोळ्या लाटणाऱ्या या मावशी, रात्री फाटक लावणारे काका आणि शौचालये स्वच्छ करणाऱ्या ताई यांच्यापैकी कोणाचेही नाव त्या अंकात कोठेही नव्हते. सिगालाच्या सहा दिशा आम्ही वर्गात फळ्यावर काढून शिकवत होतो आणि खालची दिशा छापायला विसरलो होतो. ही चूक संपादक मंडळाच्या नव्हे, एका माजी विद्यार्थिनीच्या लक्षात आली. तिने पत्र लिहिले. पत्र जरा कडक होते.

त्यानंतर काही बदल झाले. शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या मासिक बैठकीत आता स्वयंपाकघरातील व स्वच्छता विभागातील प्रतिनिधी बसतात. पहिल्या दोन बैठकांत त्या मागच्या खुर्च्यांवर बसून राहिल्या. तिसऱ्या बैठकीत मावशींनी विचारले, की रविवारी पाहुणे येणार हे शनिवारी रात्री का कळवले जाते. सभागृहात शांतता पसरली, कारण उत्तर कोणाकडेच नव्हते. आता पाहुण्यांची यादी गुरुवारी स्वयंपाकघरात लागते. मुलांच्या भांडी घासण्याच्या पाळ्या पूर्वीही होत्या. आता त्यांत शिक्षकांची नावेही आहेत. एक-दोघांनी सुरुवातीस कुरकुर केली, आणि त्यात प्रस्तुत लेख लिहिणाऱ्यांपैकीही एक होते.

या अंकात तिघांचीही छायाचित्रे आहेत. मावशींचे काढण्यासाठी छायाचित्रकार सकाळी दहाला आला, तेव्हा त्यांनी कणीक मळून होईपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवले आणि मग, लुगड्याला हात पुसत, त्याला आधी चहा घ्यायला सांगितले.